किंमतपत्रक आणि आखणी: शहापुरातील एका चित्रकर्तीच्या पहिल्या एकल प्रदर्शनाचा अभ्यास

बेळगावच्या शहापूर भागात राहणाऱ्या आणि केवळ हातातल्या कुंचल्यावर घर चालवणाऱ्या एका चित्रकर्तीने, वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, स्वतःच्या बचतीतून आपल्या जलरंगचित्रांचे पहिले एकल प्रदर्शन टिळकवाडीतील एका सभागृहात भरवले. प्रदर्शन पाच दिवस चालले, पाहणारे भरपूर आले, चित्रे मात्र मोजकीच विकली गेली, आणि शेवटच्या दिवशी वहीत बेरीज केली तेव्हा खर्च जमेपेक्षा जास्त निघाला. तरीही, त्यानंतरचे वर्षभर त्यांचे व्यवहार जवळून पाहिल्यावर, हा निर्णय त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फायद्याचा व्यावसायिक निर्णय होता असे माझे मत झाले आहे. ते का झाले, हे त्यांच्या हिशेबाच्या वह्यांच्या आधारे मांडण्याचा हा प्रयत्न आहे. वह्या त्यांनी स्वतः होऊन दाखवल्या. नाव छापू नये एवढीच अट घातली.

वर्षाची विभागणी

त्यांचे वडील दुकानांचे बोर्ड रंगवणारे पेंटर होते. खडेबाजार आणि गणपत गल्लीतील अनेक दुकानांच्या पाट्यांवर मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशी तिन्ही अक्षरे त्यांच्या हातची असत, आणि त्या अक्षरांच्या कडा भरण्याचे काम लहानपणी लेकीकडे असे. पुढे फ्लेक्स आले आणि पाट्या रंगवण्याचा धंदा बघता बघता बसला. तोवर मुलीने चित्रकलेची पदविका पूर्ण केली होती. नोकरी मिळाली नाही, म्हणून घरच्या पुढच्या खोलीत मुलांचे ड्रॉइंग क्लास सुरू झाले, आणि आजही त्यांच्या उत्पन्नाचा सर्वांत भरवशाचा भाग तोच आहे. लोअर आणि हायर ग्रेडच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांमुळे वर्षातले काही महिने खोलीत पाय ठेवायला जागा नसते.

दुसरा भाग म्हणजे मागणीवरून केलेली व्यक्तिचित्रे. घरातील गेलेल्या वडीलधाऱ्यांची, एखाद्या शाळेच्या संस्थापकांची, क्रेडिट सोसायटीच्या पहिल्या अध्यक्षांची, निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांची. बेळगाव आणि खानापूर तालुक्यांत सहकारी सोसायट्यांची संख्या मोठी असल्यामुळे या कामाला खंड पडत नाही. दिवाळीच्या आधी खानापूरकडच्या कुंभारांकडून कच्च्या पणत्या घेऊन त्या रंगवण्याचे काम असते. खानापूरच्या मातीचे नाव जुने आहे, आणि खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय कुंभारकाम संस्थाही तिथेच आहे, त्यामुळे माल घरापासून तासाभराच्या अंतरावर मिळतो.

चौथे काम गणपतीच्या आखणीचे, म्हणजे मूर्तीचे डोळे रेखण्याचे आहे, आणि या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे तेच आहे. आषाढ लागला की शहरातील मूर्तिकारांच्या कारखान्यांत मूर्ती रंगायला येतात. अंगाचा रंग, पीतांबर, दागिने हे सारे इतर कारागीर करतात, पण डोळ्यांच्या आखणीसाठी स्थिर हात लागतो, आणि तो सगळ्यांकडे नसतो. या चित्रकर्ती उंच स्टुलावर बसून, डावा तळहात मूर्तीच्या सोंडेलगत टेकवून, त्यावर उजवे मनगट ठेवतात आणि श्वास रोखून वरच्या पापणीची रेघ एकाच ओढीत काढतात. कुंचला मध्ये उचलला तर सांधा दिसतो आणि नजर तुटते. बुबुळ नेमके कुठे बसवायचे हे त्या मूर्तीच्या पायाशी, जमिनीवर बसून ठरवतात, कारण भक्त मूर्तीकडे खालून पाहणार असतो. मोबदला मूर्तीमागे ठरलेला असतो आणि दोन महिन्यांत वर्षाच्या घरखर्चाचा मोठा वाटा सुटतो. वडिलांच्या अक्षरांच्या कडा भरताना मिळालेला हात इथे कामाला येतो, असे त्या सांगतात, आणि त्यांना काम करताना पाहणाऱ्याला ते पटते.

पेच असा की नेमक्या याच दोन महिन्यांत त्यांना ज्या प्रकारची चित्रे काढायची असतात त्यांचा हंगाम असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, आणि पश्चिमेकडे खानापूर, जांबोटी, कणकुंबी असे सरकत जावे तसा पाऊस वाढत जातो. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीला. श्रावणात या पट्ट्यात उजेड दर घटकेला बदलतो, जांभ्याच्या भिंती भिजून गडद होतात, कौलांवर शेवाळ धरते, आणि हवेतल्या ओलाव्यामुळे कागदावरचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, इतका वेळ ओला राहतो की दोन रंगांची सीमा आपोआप विरघळत जाते. हा परिणाम मार्चच्या कोरड्या हवेत आणता येत नाही. हलशीच्या भूवराह नरसिंह मंदिराचे त्यांचे एक चित्र आहे. त्यात शिखराची उजवी बाजू कुठे संपते आणि आकाश कुठे सुरू होते हे सांगता येत नाही, आणि ते चित्र उभे आहे ते त्या न सांगता येण्यावरच. ते जागेवर बसून, छत्रीखाली, पाऊस उघडल्याच्या अर्ध्या तासात झालेले काम आहे. अशी चित्रे काढण्यासाठी श्रावणातले दिवस मोकळे हवेत, आणि श्रावणातले दिवस आखणीला विकलेले असत. म्हणून वीसेक वर्षे त्यांनी निसर्गचित्रे काढली ती उरल्यासुरल्या वेळात.

निर्णय

एका वर्षी त्यांनी नेहमीच्या मूर्तिकारांना जाऊन सांगितले की यंदा नेहमीच्या निम्म्याच मूर्ती घेईन. या निर्णयाने सुमारे तीस हजार रुपयांचे उत्पन्न गेले. घरात याला विरोध झाला, आणि तो अवाजवी होता असे मला वाटत नाही, कारण त्याच वर्षी मुलाच्या इंजिनिअरिंगची फी सुरू झाली होती. सासूबाईंनी मात्र त्यांच्या बाजूने शब्द टाकला. मोकळ्या झालेल्या दिवसांत त्यांनी हलशी, नंदगड, राजहंसगडाचा पायथा, किल्ल्यातील कमल बस्ती आणि शहापुरातील उरलेसुरले कौलारू वाडे रंगवले, आणि दिवाळीनंतर चौतीस चित्रे निवडून प्रदर्शनाची तारीख पक्की केली.

बेळगावात चित्रप्रदर्शनाला प्रेक्षक नसतो ही समजूत चुकीची आहे. चित्रकार के. बी. कुलकर्णी यांनी चित्रमंदिर या आपल्या चित्रशाळेच्या माध्यमातून या शहरात कित्येक पिढ्या घडवल्या. रवी परांजपे यांच्यासारखे १९३५ साली बेळगावात जन्मलेले आणि पुढे देशभर नाव मिळवलेले चित्रकार त्यांच्याच हाताखाली शिकले. व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र यांकडे जाणतेपणाने पाहणारी माणसे इथे घरोघर सापडतात. ती चित्रासमोर थांबतात, कागद कोणता, रंग कोणता हे विचारतात. उणीव आहे ती चित्र विकत घेऊन भिंतीवर लावण्याच्या सवयीची. पाहणारा आणि घेणारा यांच्यातले हे अंतर ध्यानात न घेता ज्यांनी प्रदर्शने भरवली त्यांची निराशा झाली. या चित्रकर्तींनी ते पहिल्यापासून गृहीत धरले होते.

त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय फ्रेमबाबत होता. सर्व चित्रे दोनच मापांत ठेवली: सव्वीस चित्रे पाव ताव (पूर्ण कागदाचा चौथा भाग) आणि आठ चित्रे अर्धा ताव. फ्रेमही त्यामुळे दोनच मापांच्या झाल्या, आणि मागची पाठ खिळ्यांऐवजी फिरत्या क्लिपांवर बसवून घेतली, म्हणजे एक चित्र काढून दुसरे घालता येते. प्रत्येक चित्राला माऊंट, म्हणजे काच आणि कागद यांत अंतर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, दिले, कारण बेळगावच्या पावसाळ्यात कागद थेट काचेला टेकला तर एका मोसमात बुरशी धरते. फ्रेमवाल्याने पातळ, स्वस्त माऊंट सुचवले होते. त्यांनी ते नाकारले आणि आम्लविरहित माऊंट कोल्हापूरहून मागवले. आमंत्रणपत्रिका त्यांनी हाताने लिहून मग छापली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड, आणि दोन्हीकडची अक्षरे वडिलांच्या वळणाची. अनेकांनी ती पत्रिका जपून ठेवल्याचे मी स्वतः पाहिले आहे.

वहीतला हिशेब

खर्चाची बाजू अशी होती. पाव तावाच्या सव्वीस फ्रेम प्रत्येकी ७०० रुपये आणि अर्ध्या तावाच्या आठ फ्रेम प्रत्येकी १,२०० रुपये, म्हणजे फ्रेमांचे २७,८०० रुपये. सभागृहाचे भाडे आणि जादा दिव्यांचे १२,०००. पत्रिका व किंमतपत्रकाच्या छपाईचे ६,५००. टेंपो, चहापाणी आणि किरकोळ मिळून ५,७००. एकूण ५२,००० रुपये. जमेच्या बाजूला पाव तावाची पाच चित्रे ४,५०० रुपयांप्रमाणे आणि अर्ध्या तावाची दोन चित्रे ८,००० रुपयांप्रमाणे, एकूण ३८,५०० रुपये. म्हणजे १३,५०० रुपयांची तूट, आणि आखणीचे बुडालेले उत्पन्न वेगळे.

या मांडणीत एक गफलत आहे, आणि ती बहुतेक कलावंतांच्या हिशेबात दिसते. सात चित्रे आपापल्या फ्रेमांसह गेली, पण उरलेल्या सत्तावीस फ्रेमा घरात आहेत आणि पुढच्या प्रदर्शनात त्याच वापरायच्या आहेत. त्यांची किंमत २१,९०० रुपये होते. सुताराने रंधा विकत घेतला तर तो त्याची पूर्ण किंमत एकाच कपाटावर लावत नाही, तसाच हा प्रकार आहे. ही रक्कम भांडवल म्हणून बाजूला काढली तर त्या प्रदर्शनाचा खरा खर्च ३०,१०० रुपये ठरतो आणि ८,४०० रुपये वर उरतात. आखणीचे तीस हजार त्यातून भरून निघत नाहीत हे खरे आहे, आणि ते लपवण्याचे कारण नाही.

एकच किंमत

प्रदर्शनाच्या दारात छापील किंमतपत्रक ठेवले होते. त्यावर प्रत्येक चित्राचा क्रमांक, नाव, माप आणि किंमत होती. इतकी साधी गोष्ट, पण त्यांच्या आयुष्यात त्यांच्या कामाची किंमत पहिल्यांदाच छापून लोकांसमोर आली होती. त्याआधी व्यक्तिचित्राची किंमत समोरच्या माणसाकडे पाहून ठरत असे. त्याच मापाचे तैलचित्र कधी सहा हजारांना, कधी पंधरा हजारांना गेल्याच्या नोंदी वहीत आहेत. ओळखीचा माणूस जितका जवळचा तितकी किंमत कमी, आणि शहापूरसारख्या भागात जवळचे नाही असे कोण असते?

कसोटी दुसऱ्याच दिवशी लागली. क्लासला येणाऱ्या एका मुलीचे आजोबा शहापुरातील वाड्याच्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. तो वाडा त्यांच्या मामांचा होता. त्यांनी विचारले, "ताई, आम्ही घरचीच माणसं की. आम्हालासुद्धा साडेचार हजारच?" त्या म्हणाल्या, "किंमत सगळ्यांना एकच ठेवलीय हो काका. पाहिजे तर दोन-तीन महिन्यांत थोडं थोडं द्या, चित्र आजच तुमच्या नावावर लावते." आजोबांनी चित्र घेतले आणि पैसे तीन हप्त्यांत दिले. सवलत न देता मुदत देण्याचा हा मार्ग त्यांना त्या क्षणी सुचला, आणि तो पुढे त्यांचा नियमच झाला. मला हा या प्रकरणातला निर्णायक प्रसंग वाटतो. त्या वेळी पाचशे रुपये सोडले असते तर किंमतपत्रकाचा कागद तिथेच निरुपयोगी झाला असता, कारण बेळगावात अशी बातमी संध्याकाळपर्यंत चार गल्ल्या फिरून येते. आधी चित्र घेतलेल्यांना आपण फसलो असे वाटले असते, ते निराळेच.

प्रदर्शन पाहून गेलेल्यांपैकी काही जण पुढच्या महिन्यांत घरी येऊ लागले. "ताई, आमच्या बाबांचा फोटो असाच काढून देतासा काय?" अशी सुरुवात व्हायची. आता उत्तरादाखल पुढे करायला एक कागद होता. व्यक्तिचित्रांसाठीही त्यांनी माप आणि माध्यमानुसार दर लिहून काढले, निम्मी रक्कम आगाऊ घेण्याची अट त्यात घातली, आणि तो कागद क्लासच्या भिंतीवर लावला. घासाघीस पूर्ण थांबली नाही, पण ती आता सहा हजारांपासून सुरू होत नाही. वर्षभरात व्यक्तिचित्रांची संख्या वाढली नाही, उत्पन्न मात्र वाढले, आणि आखणीची तूट भरून निघाली ती इथून.

दिनदर्शिकेवरची सही

याच वर्षात एक कटू अनुभवही आला. एका क्रेडिट सोसायटीने त्यांच्याकडून संस्थापकांचे तैलचित्र करून घेतले होते. नव्या वर्षी ते चित्र सोसायटीच्या दिनदर्शिकेवर छापून घरोघर वाटले गेले. त्यांना विचारले नव्हते, नाव कुठेही नव्हते, आणि छपाईत चित्राची खालची कड कापल्यामुळे सहीसुद्धा गेली होती. त्या फार दुखावल्या, आणि छपाईचे पैसे मागावेत असे त्यांच्या मनात आले.

कायद्याची स्थिती अशी आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १७ नुसार, कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढले असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर त्याच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम करून घेणारा असतो. त्यामुळे छपाईचे पैसे मागण्याचा त्यांचा दावा टिकण्यासारखा नव्हता. मात्र कलम ५७ नुसार, हक्क दुसऱ्याकडे गेले तरी आपण त्या कृतीचे कर्ते आहोत हे सांगण्याचा अधिकार कलावंताकडेच राहतो. त्यांनी याच आधारावर, पैशांची मागणी न करता, नाव छापण्याची विनंती करणारे पत्र दिले, आणि पुढच्या अंकात नाव छापण्याचे सोसायटीने मान्य केले. प्रदर्शनात विकलेल्या हलशीच्या चित्राची गोष्ट याउलट आहे. ते त्यांनी स्वतःच्या इच्छेने काढले, त्यामुळे विकत घेणाऱ्याच्या घरी गेला तो कागद. त्याच्या प्रती छापण्याचा हक्क त्यांच्याकडेच आहे, आणि त्यावरून त्यांनी छापलेली भेटकार्डे दिवाळीत पणत्यांबरोबर विकली जातात. आता मागणीच्या प्रत्येक कामाच्या पावतीखाली त्या दोन ओळी लिहून घेतात: चित्र छापायचे असल्यास आधी विचारावे, आणि छापताना सही व नाव ठेवावे.

सीमाभागात राहण्याचा एक व्यावहारिक मुद्दाही इथे नोंदवायला हवा. कोल्हापुरातील एका समूह प्रदर्शनात चित्रे पाठवण्याविषयी त्यांना विचारणा झाली. शंभर-सव्वाशे किलोमीटरचा रस्ता, भाषा तीच, पाहुणेरावळे तिथलेच, पण कोगनोळी ओलांडली की राज्य बदलते आणि व्यवहार आंतरराज्य ठरतो. आंतरराज्य विक्री करणाऱ्याला, उलाढाल कितीही लहान असली तरी, जीएसटीची नोंदणी लागते. हस्तकलेच्या मालाला यातून उलाढालीच्या ठरावीक मर्यादेपर्यंत सूट आहे, आणि त्या यादीत हाताने काढलेली चित्रे येतात. अट अशी की पॅन असावे लागते आणि मालाची किंमत कितीही कमी असली तरी ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, काढावे लागते. हे ठाऊक नसल्यामुळे सीमाभागातील कित्येक कलावंत एक तर कोल्हापूर-सांगलीची आमंत्रणे नाकारतात, नाहीतर चित्रे चादरीत गुंडाळून एस.टी.ने नेतात. या चित्रकर्तींनी क्लासमधल्या एका मुलाच्या वडिलांकडून, जे करसल्लागार आहेत, ते बिल काढायला शिकून घेतले आणि सहा चित्रे पाठवली.

पुढचा पेच

आता प्रश्न आखणीचा आहे. घरातील मंडळींचे, विशेषतः मुलाचे, म्हणणे असे की व्यक्तिचित्रांचे दर स्थिरावले आहेत, तर आखणी पूर्ण सोडून पावसाळा निसर्गचित्रांना द्यावा. त्यांचे मन अजून होत नाही, आणि मला त्यांचा संकोच योग्य वाटतो. व्यक्तिचित्रांची मागणी सोसायट्यांच्या वर्धापनदिनांवर आणि घराघरांतल्या प्रसंगांवर अवलंबून असते, ती एखाद्या वर्षी आटू शकते. गणपती दरवर्षी येतो. शिवाय त्यांच्या व्यक्तिचित्रांतील डोळे, ज्यांची लोक सर्वाधिक वाखाणणी करतात, ते त्याच सरावातून आलेले आहेत. दर श्रावणात शेकडो वेळा एकाच ओढीत रेघ काढणारा हात दुसऱ्या कोणत्या कामातून तयार ठेवता येईल, याचे उत्तर मुलाकडे नाही.

सध्या त्यांनी मूर्तिकारांशी असे ठरवले आहे की आषाढात पूर्ण वेळ यायचे, श्रावणाचे पहिले दोन आठवडे मोकळे ठेवायचे आणि पुन्हा भाद्रपदाच्या तोंडावर रात्रीचे काम घ्यायचे. रात्रीच्या कामाचा दर त्यांनी वाढवून मागितला. मूर्तिकारांनी आढेवेढे घेतले, तेव्हा आखणीचेही दर त्यांनी कागदावर लिहून दिले. दोघा मूर्तिकारांनी ते मान्य केले आहेत, तिसऱ्याशी बोलणे चालू आहे.